१६,३२० रँड : मंकायी विरुद्ध अँग्लोगोल्ड अशांती

थेंबेकिले मंकायी जानेवारी १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या व्हाल रीफ्स या सोन्याच्या खाणीत कामाला लागले आणि सप्टेंबर १९९५ पर्यंत तिथे जमिनीखाली उतरत राहिले. मोजले तर दोनशे महिने भरतात. या कामाने त्यांची फुप्फुसं गेली. सिलिकोसिस म्हणजे खडकातल्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, क्षय आणि श्वासमार्ग आखडल्याने लागणारी धाप, अशी तिन्ही दुखणी एकाच छातीत. २००४ मध्ये खाणकामगारांच्या रोगभरपाईच्या कायद्याखाली त्यांना १६,३२० रँड मिळाले. तेव्हाच्या भावाने लाख रुपयांच्या थोडे वर. नोकरीच्या महिन्यांनी भागलं तर महिन्यामागे ८२ रँडसुद्धा पडत नाहीत.

ऑक्टोबर २००६ मध्ये त्यांनी अँग्लोगोल्ड अशांती या खाण कंपनीवर दिवाणी दावा लावला आणि सुमारे २६ लाख रँड मागितले. बुडालेली कमाई, पुढचा औषधोपचार, सोसलेल्या यातना, सगळं धरून. धुळीपासून कामगाराला वाचवणं ही मालकाची जबाबदारी होती आणि ती पाळली गेली नाही, असं त्यांचं म्हणणं. कंपनीने उत्तर दिलं की कायद्यानेच तुम्हाला आमच्यावर दावा लावता येत नाही. पुढची जवळजवळ साडेचार वर्षं वाद चालला तो एवढ्याच मुद्द्यावर.

मी कामगारांच्या बाजूने काम करतो आणि हा खटला नव्याने वकिली सुरू करणाऱ्या मुलामुलींना हमखास वाचायला सांगतो. रोगभरपाईच्या भांडणात डॉक्टरांच्या साक्षीआधी, धुळीच्या मोजमापाआधी, एखाद्या कलमातल्या एका शब्दावर माणसाचं नशीब कसं अडकतं हे इतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

धूळ

विटवॉटर्सरँड या दक्षिण आफ्रिकेतल्या खाणपट्ट्यातलं सोनं गारगोटीने भरलेल्या खडकात असतं आणि त्याचा थर बहुतेक ठिकाणी अगदी पातळ. त्या थरामागे जायचं म्हणजे कमरेत वाकून, कधी आडवं होऊन ड्रिल चालवायचं, सुरुंग लावायचा, फुटलेला खडक ओढून काढायचा. खडक फुटला की सिलिकाची धूळ उडते. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात आणि घशात अडकते, थुंकीवाटे बाहेर पडते. घात करते ती न दिसणारी. तो बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतो, तिथली पेशी त्याला गिळते आणि स्वतः मरते, कण पुन्हा मोकळा होतो, त्याला दुसरी पेशी गिळते. जिथे जिथे हे घडतं तिथे व्रण धरतो. व्रण झालेला भाग श्वासाच्या उपयोगाचा राहत नाही.

कायद्याच्या दृष्टीने यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. माणूस खाणीतून बाहेर पडला तरी रोग थांबत नाही, तो छातीत वाढतच राहतो. आणि सिलिकाने जखमी झालेल्या फुप्फुसात क्षय सहज घर करतो. अपघाताला तारीख असते, वेळ असते, पाहणारे साक्षीदार असतात. या रोगाला यातलं काहीच नसतं. माणूस गावी परतलेला असतो, खोकत असतो, आणि गावातला डॉक्टर एक्स-रे बघून क्षयाच्या गोळ्या लिहून देतो. खाणींत माणसं यायची ती ईस्टर्न केपमधून, लेसोथोतून, मोझांबिकमधून, शेकडो किलोमीटरवरून. तिकडच्या खेड्यात बसून जोहान्सबर्गच्या कचेरीत आपला रोग सिद्ध करायचा म्हणजे काय, हे आपल्याकडे स्टोन क्रशरवर राबून गावी परतलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही.

दोन कायदे, दोन दर

दक्षिण आफ्रिकेत भरपाईचे दोन वेगळे कायदे शेजारी शेजारी नांदत होते. कारखाने, दुकानं, शेतं, म्हणजे जवळजवळ सगळ्या कामगारांसाठी १९९३ चा व्यावसायिक इजा व रोग भरपाई कायदा, ज्याला तिकडे ‘कोइडा’ म्हणतात. खाणीतल्या छातीच्या रोगांसाठी मात्र १९७३ चा निराळा कायदा, ‘ओडिमवा’. खाणीत पाय मोडला तर कोइडा. खाणीत फुप्फुस गेलं तर ओडिमवा.

फरक नुसता नावाचा नव्हता. कोइडाखाली कायमची पूर्ण अक्षमता आली तर पगाराच्या ७५ टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा पेन्शन मिळते. ओडिमवाखाली एकदाच ठोक रक्कम हातावर ठेवायची आणि विषय बंद. त्याचं मूळ जुनं आहे. सिलिकोसिसच्या भरपाईचा कायदा दक्षिण आफ्रिकेत १९१२ पासून आहे, जगात सर्वांत आधीच्या देशांत त्याची गणना होते. पण तो घडला वर्णभेदाच्या साच्यात. एकच रोग, एकच खाण, तरी गोऱ्या कामगाराला पेन्शन आणि काळ्याला एकरकमी चिल्लर. १९९३ च्या दुरुस्तीने रंगाचा उल्लेख गेला, एकरकमी पद्धत राहिली. मंकायी यांना मिळालेली रक्कम त्या इतिहासातून आली आहे.

आता कोइडाचं कलम ३५(१). त्याचा आशय असा: व्यावसायिक इजा किंवा रोगामुळे आलेल्या अक्षमतेबद्दल वा मृत्यूबद्दल कोणत्याही ‘कामगाराला’ किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना मालकावर नुकसानीचा दावा लावता येणार नाही, आणि या कायद्यातल्या तरतुदींखेरीज मालकावर भरपाईचं कुठलंही दायित्व येणार नाही.

कंपनीने हे कलम पुढे केलं. मंकायी आमच्याकडे नोकरीला होते, कोइडातल्या व्याख्येप्रमाणे ते ‘कामगार’ आहेत, सबब दावा लागत नाही. दाव्यातली सगळी हकीकत खरी धरली तरी तो कायद्याने चालू शकत नाही, असा प्राथमिक आक्षेप त्यांनी घेतला. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र फेटाळण्याचा अर्ज देतात, त्याच जातकुळीचा. या खेळीचा परिणाम नीट लक्षात घ्यावा. खाणीत धूळ किती होती, पाणी मारत होते का, मास्क दिले होते का, यावर कंपनीला एक अक्षरही बोलावं लागलं नाही. तीन न्यायालयांपुढे प्रकरण गेलं आणि तिन्ही ठिकाणी धुळीचा एक कणही मोजला गेला नाही.

मंकायींच्या बाजूने वकील होते रिचर्ड स्पूर. त्यांचा युक्तिवाद असा की ओडिमवाचं कलम १००(२) सांगतं, ज्याला ओडिमवाखाली लाभ आहे त्याला त्याच रोगाबद्दल दुसऱ्या कायद्याखालचा लाभ मिळणार नाही. म्हणजे मंकायी यांना कोइडाचा एक रँडही मागता येत नाही. जो कायदा त्यांना काही देतच नाही, तो त्यांच्याकडून दाव्याचा हक्क मात्र काढून घेतो, हे कसं?

२००८ मध्ये उच्च न्यायालयाने कंपनीचं ऐकलं. मार्च २०१० मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयानेही तेच केलं. ‘कामगार’ हा शब्द व्यापक आहे, खाणकामगार त्यात बसतो, दावा गेला. दोन्ही न्यायालयांनी शब्दकोशासारखं वाचन केलं असं माझं मत आहे. व्याख्येचं कलम उघडायचं, शब्द लावायचा, पुस्तक मिटायचं.

३ मार्च २०११

मग प्रकरण त्याहून वरच्या संवैधानिक न्यायालयात गेलं आणि तिथला निकाल न्यायमूर्ती सिसी खांपेपे यांनी लिहिला. त्यांनी तेच कलम पुन्हा वाचलं, पण अखंड वाचलं. ३५(१) च्या वाक्याला दोन पाय आहेत. पहिला दावा बंद करतो. दुसरा सांगतो की मालकाचं दायित्व आता या कायद्याखालीच राहील. दोन्ही मिळून एक देवाणघेवाण होते: दाव्याचा हक्क घेतला, त्याच्या बदल्यात कोइडाची भरपाई दिली. मग पहिल्या पायातला ‘कामगार’ म्हणजे ज्याला दुसऱ्या पायातली भरपाई मिळू शकते तोच. ओडिमवाचा माणूस कोइडाच्या लाभातून बाहेर ठेवलेला आहे, म्हणून तो कोइडाच्या बंदीतूनही बाहेर आहे. आणि ओडिमवाच्या स्वतःच्या पानांत मालकाला वाचवणारी अशी बंदी कुठेच नाही.

याला त्यांनी राज्यघटनेतल्या शरीराच्या सुरक्षिततेच्या हक्काची जोड दिली. मालकाच्या निष्काळजीपणाने शरीर निकामी झालं तर न्यायालयात दाद मागणं हा त्या हक्काचा भाग आहे, तो हिरावणारी तरतूद सैल हाताने पसरवता येत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. भरपाई कायद्यातली दावाबंदी मुळातच अन्याय्य आहे असं या न्यायालयाने म्हटलेलं नाही. १९९८ मध्ये, जूस्ट विरुद्ध स्कोअर सुपरमार्केट या खटल्यात, याच न्यायालयाने कलम ३५ घटनात्मक ठरवलं होतं. त्यामागचा विचार वजनदार आहे. १८८४ च्या जर्मन अपघात विम्यापासून जगभर हा सौदा मान्य झाला: कामगाराने मालकाची चूक सिद्ध करत बसू नये, त्याला झटपट आणि ठरलेली रक्कम मिळावी, बदल्यात त्याने मोठ्या दाव्याचा नाद सोडावा. यंत्रात बोट गेलेल्या माणसासाठी हा सौदा पुष्कळदा खरोखर हिताचा असतो. दिवाणी न्यायालयात दहा वर्षं घालवण्यापेक्षा दरमहा पेन्शन केव्हाही बरी. पण सौदा म्हटला की दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावं लागतं. मंकायींच्या बाबतीत एकानेच दिलं होतं. त्यांचा हक्क घ्यायला कोइडा पुढे आला, आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ओडिमवाकडे बोट दाखवलं गेलं.

आता ते आपला दावा चालवू शकणार होते. निकालाच्या थोडे दिवस आधी ते वारले.

नंतर

जुन्या सामान्य कायद्यात एक फार क्रूर नियम होता. यातनांबद्दलची भरपाई ही व्यक्तिगत बाब मानली जाई. पक्षकारांची कागदपत्रं पूर्ण दाखल होण्याआधी फिर्यादी मेला तर यातनांची भरपाई त्याच्याबरोबर संपे, वारसांना मिळत नसे. छातीच्या रोगात याचा सरळ अर्थ असा की मालकाने प्राथमिक आक्षेपांत वेळ काढावा आणि वाट पाहावी.

मंकायी निकालाने दार उघडल्यावर हजारो खाणकामगारांच्या वतीने सामूहिक दावा उभा राहिला. १३ मे २०१६ रोजी जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने ‘न्काला विरुद्ध हार्मनी गोल्ड’ या प्रकरणात त्याला परवानगी दिली. सिलिकोसिसवाल्यांचा एक वर्ग आणि क्षयवाल्यांचा एक, १२ मार्च १९६५ पासून खाणीत काम केलेल्यांना धरून. त्याच निकालात बहुमताने तो जुना नियमही मोडला. दाव्यादरम्यान माणूस गेला तरी यातनांची भरपाई त्याच्या वारसांकडे जाईल, असं न्यायालयाने ठरवलं. माझ्या दृष्टीने कामगाराच्या घराला याचा उपयोग सामूहिक दाव्याच्या परवानगीइतकाच मोठा आहे.

पुढे खटला साक्षीपुराव्यापर्यंत गेला नाही. मे २०१८ मध्ये अँग्लोगोल्ड अशांतीसह सहा कंपन्यांनी तडजोड केली, २६ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने ती मंजूर केली. ५ अब्ज रँडची तरतूद आणि वाटपासाठी त्शियामिसो ट्रस्ट. रोगाच्या पायरीप्रमाणे दर माणशी १० हजारांपासून ५ लाख रँडपर्यंत. मंकायींनी मागितलेले २६ लाख आणि हे आकडे शेजारी ठेवले की तडजोडीत काय सुटलं ते कळतं. तरीही मी या तडजोडीला कमी लेखणार नाही. ज्या माणसाने सहा खाणींत तीन-तीन वर्षं काढली, त्याच्या फुप्फुसातला कुठला कण कुठल्या कंपनीचा, हे कुठल्या न्यायालयात कसं सिद्ध करायचं? एकेकट्याने लढता न येणारं हे भांडण होतं.

पुरावा हीच यातली सगळ्यात अवघड बाजू. ओडिमवात एक तरतूद आहे, ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो. खाणकामगार मेला तर नातेवाइकांच्या संमतीने त्याचं हृदय आणि फुप्फुसं काढून जोहान्सबर्गला तपासणीसाठी पाठवता येतात. मृत्यू खाणीत झालेला असायला हवा असं नाही, मरणाचं कारण छातीचंच असायला हवं असंही नाही. जिवंतपणी एक्स-रेत न दिसलेला रोग तिथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो आणि घरच्यांना भरपाई मिळते. कितीतरी बायकांना नवऱ्याला काय झालं होतं ते असं, त्याला मूठमाती दिल्यानंतर, एका पत्राने कळलं आहे. अंत्यविधीच्या गडबडीत, दूरच्या खेड्यात, त्या बाईला कागदावर होकार द्यावा लागतो. शरीर अखंड पुरायचं ही ज्या घराची श्रद्धा आहे, तिथे तो होकार काय किमतीचा असेल.

आपल्याकडचं कलम ५३

हा खटला आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण भिंत आपल्याकडेही तीच आहे. १९४८ च्या कामगार राज्य विमा (ईएसआय) कायद्याचं, ज्याची जागा २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, कलम ५३ सांगत होतं की विमाधारक कामगाराला नोकरीतल्या इजेबद्दल मालकाकडून १९२३ च्या भरपाई कायद्याखाली किंवा अन्य कुठल्याही कायद्याखाली भरपाई वा नुकसानी मागता येणार नाही. आणि ‘नोकरीतली इजा’ या व्याख्येत व्यावसायिक रोग येत होता. केरळातल्या एका प्लायवुड कारखान्यातल्या जखमी कामगाराने मालकावर दिवाणी दावा लावला, केरळ उच्च न्यायालयाने तो चालेल म्हटलं, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कलम ५३ वर बाद केला. वेस्टर्न इंडिया प्लायवुड विरुद्ध अशोकन. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९९५ मध्ये, ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात याच न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातला, मूलभूत हक्क आहे असं सांगितलं होतं आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं जपायला लावल्या होत्या.

ज्याला ईएसआय नाही त्याचं निराळं. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या (तोही २०२५ मध्ये त्याच संहितेत गेला) कलम ३(५) प्रमाणे त्याला निवड होती: भरपाई आयुक्तांकडे जा, नाहीतर दिवाणी न्यायालयात जा. एकीकडे गेलात की दुसरीकडचं दार बंद. सिलिकोसिस त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे व्यावसायिक रोगांच्या यादीत, होता. पण घाईघाईने आयुक्तांकडे अर्ज टाकून मोठा दावा गमावलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून पहिला कागद करण्याआधी ही निवड पक्षकाराला त्याच्या भाषेत समजावून सांगावी.

मंकायी निकालाने कलम ५३ ची भिंत पडेल असं मला वाटत नाही. ईएसआय दरमहा लाभ देतं, औषधोपचार देतं, सौद्याची दुसरी बाजू तिथे कागदावर तरी पुरी आहे. पण समजा ईएसआय महामंडळाच्या वैद्यकीय मंडळाने म्हटलं, हा क्षय आहे, व्यावसायिक रोग नव्हे, लाभ नाही. मग मालक त्याच माणसाला कलम ५३ दाखवू शकतो का? कलम तर ‘नोकरीतल्या इजेपुरतं’ आहे. इजा नाही म्हणून लाभ नाकारायचा आणि इजा आहे म्हणून दावा अडवायचा, ही मंकायींवर झालेलीच दुहेरी चाल आहे. खांपेपे यांचं दोन पायांचं वाचन इथे नेमकं लागू पडतं. हा मुद्दा आपल्याकडे नीट तयारीने मांडला पाहिजे, आणि त्यासाठी वैद्यकीय मंडळाचा नकार लेखी, कारणांसकट मागून घेतला पाहिजे. तोंडी नकारावर माणूस घरी परतला की हा धागा तिथेच तुटतो.

मागच्या पावसाळ्यात एका फाउंड्रीच्या फेटलिंग विभागात बावीस वर्षं काढलेले एक काका माझ्याकडे आले. ओतीव कामाला चिकटलेली वाळू ग्राइंडरने साफ करायची, हे त्यांचं काम. जिना चढून आल्यावर दोन-तीन मिनिटं ते बोलू शकले नाहीत, नुसता हात वर करून थांबा म्हणाले. मुलाने पिशवीतून पिवळा लिफाफा काढला, मी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. वरच्या बाजूला दोन्हीकडे वाळू सांडल्यासारखे ठिपके. क्षयाचे दोन कोर्स पूर्ण झाले होते. मी पहिला प्रश्न तोच विचारला जो मंकायी वाचल्यापासून प्रत्येकाला विचारतो: “काका, ईएसआयचं कार्ड होतं का?”

“आहे ना साहेब,” ते म्हणाले, आणि शर्टाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेलं कार्ड काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

आम्ही वैद्यकीय मंडळासाठीचा अर्ज लिहायला घेतला.